शेवाळाच्या पावलानं

माझं नाव शेवंता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वाडीत येऊन तुम्ही शेवंताबाई कुठं राहतात म्हणून विचारलंत तर पोरंसोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतील. मग एखादं म्हणेल, "शेवाळीआजी व्हय? ती काय, पिंपरणीखालचं घर." पोरांचा मला राग नाही. त्यांना नाव जसं मिळालं तसं ती घेतात. सुनेचाही नाही, तिनं तर मोबाईलमध्ये माझा नंबर त्याच नावानं टाकलाय. ज्या बाईनं ते नाव मला चिकटवलं तिचा मात्र आहे, आणि तो मी जपून ठेवलाय. ती जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तिच्या जिवंतपणी, तिच्या तोंडावर बोलले होते, त्यामुळं आता नव्यानं काही बोलायचं नाही. झालं ते सांगायचं.

ती माझी आत्या, दादांची, म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. भोरात दिलेली. तिचे यजमान, आमचे मामा, कचेरीत होते, पण कचेरीचं तेज मामांच्यापेक्षा आत्याच्याच तोंडावर जास्त असायचं. दरसाल गौरीच्या आदल्या दिवशी ती माहेराला यायची. एसटी वाडीपर्यंत येत नव्हती, खाली फाट्यावर सोडायची. तिथून तिची पिशवी दादांच्या डोक्यावर आणि आत्या मागून, एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं लुगडं चिखलातून उचलून धरलेलं. घरात पाऊल टाकलं की आधी पावडरीचा वास यायचा, मग खारी बिस्किटांचा पुडा निघायचा, आणि मग आत्या आढ्याकडं बघून म्हणायची, "पारू, जळमटं न्हाई का गं काढली औंदा?" पारू म्हणजे माझी आई. आईनं जळमटं काढलेलीच असायची. आत्याला ती दिसायचीच.

आई वेल्ह्याकडची. तिकडचं डोंगरातलं गाव, म्हणून आत्या तिला "वेल्ह्याचं रान" म्हणायची. "आमच्या भावानं वेल्ह्याचं रान आणलं घरात," असं चारचौघींत, हसत हसत. आई काही बोलायची नाही. तिच्या वाट्याचं बोलणं बहुतेक देवानं माझ्या तोंडात घातलं होतं. ती नुसती गुणगुणायची. भादव्यात ओली लाकडं धुरानं डोळे फोडायची, पागोळ्या टपटप करायच्या, गोठ्यात म्हैस पाय आपटायची, आणि त्या सगळ्याच्या खाली आईचं गुणगुणणं एखाद्या झऱ्यासारखं चालू असायचं. गौर येते त्या दिवशी भाजी-भाकरीचा निवद, शेपूची भाजी नि नाचणीची भाकरी. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, अळूची पातळ भाजी, कटाची आमटी. पंगत उठली की ढीगभर भांडी पडायची. आणि नेमकी त्याच वेळेला आत्याची मान भरून यायची.

ही मान नीट ध्यानात ठेवा. "पारू, माझी मान आली गं भरून, जरा पडते." असं म्हणून आत्या माजघरात घोंगडीवर आडवी व्हायची. आई परसात राखेनं पातेली घासायची, मी नि सोनी विसळायचो. चुलीवर चहाचं आधण वाजायला लागलं की आत्याची मान उतरायची. दरसाल. सगळ्या वाडीला माहीत होतं, पण माहेरवाशिणीला कोण बोलणार?

सोनी माझ्या चुलत्याची. एकाच घरात, एका घोंगडीखाली वाढलो आम्ही. ती गोरी, नाकीडोळी नीटस, हसली की दोन्ही गालांना खळ्या. मी काळी, आखूड, तोंडाळ. मला तिचा हेवा वाटत नव्हता, खोटं कशाला सांगू, कारण ती मला घाबरायची आणि जीवही लावायची. वाडीतली शाळा चौथीपर्यंत. ती आम्ही दोघींनी उरकली होती. पुढं शिकायचं तर भोर. आत्याला दोन मुलगेच होते, घरात हाताशी एक पोर हवी होती. तिनं दादांना निरोप धाडला होता की दोघींतली एक नेते, शाळेत घालते, गौरीला आले की बघून ठरवते. दादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आक्काला म्या बोललोय, शेवंता चुणचुणीत हाय, तिला न्या. आता नीट वाग, तोंड जरा आवर." मला शाळेची एवढी ओढ होती की त्या महिनाभरात मी खरंच तोंड आवरलं. वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून वाचायची, ते तेवढं मोठ्यानं.

गौर आणायच्या दिवशी सकाळीच मी नि सोनी आईबरोबर रायरेश्वराच्या पठाराकडं निघालो. आता तिथं लोखंडी शिडी आहे. तेव्हा खडकाच्या खाचांत बोटं रुतवून चढायचं. वर गेलं की सगळं पठार पिवळं. सोनकी. भादव्यात ती अशी उठते की उभं राहायला जागा देत नाही. हल्ली पुण्याची पोरंपोरी गाड्या घेऊन येतात, त्यात लोळतात, फोटो काढतात, नि म्हणतात काय स्वर्ग आहे. आहेच. मी कुठं नाही म्हणते? पण सोनकी तोडून घरी न्यायचा प्रयत्न त्यांच्यातल्या कुणी केलेला दिसत नाही. सोनकी उन्हातान्हात, वाऱ्यात ताठ उभी राहील ती तिच्या जागेवर. तोडली की पाण्यात ठेवली तरी दुसऱ्या दुपारपर्यंत तिचा जीव जातो. सोनीला हे माहीत होतं, तरी तिनं ओटी भरून सोनकी घेतली, कारण आत्याला अंबाड्यात सोनकीचा गजरा लागायचा.

आमची गौर तेरड्याची. झऱ्याच्या कडेचे तेरडे मुळासकट उपटायचे, जुडी बांधायची, तीच गौर. जुडी बांधल्यावर आई मला झऱ्याच्या मागं घेऊन गेली. तिथं एक कपार आहे, ऊन कधीच पोचत नाही अशी, आणि तिच्या पोटाला एक शेवाळ आहे. पावसाळ्यात भिंतींवर, कौलांवर येतं ते शेवाळ वेगळं. ते निसरडं, नखानं खरवडलं की निघतं. हे जाड, मखमलीसारखं, टोकांना सोनेरी झाक. हात ठेवला की आत जातो नि उचलला की परत फुगतं. आई म्हणाली, "तळहाताएवढंच घे. हे दुसरीकडं कुठं न्हाई, आन् एकदा खरवडलं की वर्षानुवर्षं भरून येत न्हाई." मागं एकदा कॉलेजातले एक सर भिंग घेऊन आले होते, त्यांनीही तेच सांगितलं, फार दुर्मिळ आहे म्हणून, आणि एक लांबलचक नाव घेतलं. ते काही माझ्या ध्यानात राहिलं नाही. एवढंच मनात आलं की हे नाव एकदा आत्याला ऐकवायला पाहिजे होतं.

तर त्या शेवाळाची ओली चकती आईनं तेरड्याच्या मुळ्यांना गुंडाळली. तिच्या माहेरची रीत. शेवाळ पाणी धरून ठेवतं, मग गौर घरी येईस्तवर कोमेजत नाही. मी घरातली थोरली बिनलग्नाची पोर, म्हणून गौर माझ्या हातात. आणि आमच्या वाडीची रीत अशी की गौर आणणारीनं झऱ्यावरच तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि गौर पाटावर बसेपर्यंत सोडायची नाही. बोलायचं नाही. चूळ गिळायची तर मुळीच नाही. गिळली तर बोल पोटात राहतो म्हणतात, आणि तो केव्हातरी बाहेर पडतोच. मला ओळखणाऱ्या बायकांना माझी चूळ म्हणजे दरसालची करमणूक होती. वाटेत मुद्दाम विचारायच्या, "काय गं शेवंते, म्हस व्याली का? सांग की!"

घरी पोचलो तेव्हा उंबऱ्याशी आळीतल्या बायका जमल्या होत्या. दादा नि चार गडीमाणसं ओट्यावर. उंबऱ्याच्या आत आत्या, नवं लुगडं नेसून, हातात भाकरतुकडा घेऊन, ओवाळून टाकायला. रिवाज असा की घरातली विचारते, "गौर कशाच्या पावलानं आली?" आणि बरोबरची म्हणते, "सोन्यामोत्याच्या पावलानं आली." माझ्या तोंडात चूळ, म्हणून जबाब सोनीनं द्यायचा. आत्यानं विचारलं, "गौर कशाच्या पावलानं आली?" सोनीनं तोंड उघडलं. तेवढ्यात आत्याची नजर खाली गेली. मुळ्यांच्या शेवाळातून वाटभर पाणी ठिबकत होतं, माझ्या कोपरांवरून, परकरावरून, पायांवर. पाय हिरवे झाले होते. उंबऱ्यावर हिरवं पाऊल उमटलं होतं.

"अगं बया!" आत्या म्हणाली. "शेवाळाच्या पावलानं आली की गं! वेल्ह्याच्या रानाची लेक, शेवंता कसली, शेवाळी ही! सोने, तू ये गं पुढं. ही बघा आमची सोनकी!"

बायका हसल्या. ओट्यावरून गड्यांचं हसू आलं, आणि त्यात दादांचंही होतं. तेच मला लागलं. आईनं मान खाली घातली. आणि मी, जी जन्मात कुणाचं उसनं बोलणं ठेवत नव्हते, ती गाल फुगवून उभी. हातात देवी, तोंडात पाणी. आत्याला ते ठाऊक होतं. मला जबाब देता येणार नाही हे बघूनच तिनं तोंड उघडलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या भरात मी चूळ गिळली.

गौर पाटावर बसली. आत्यानं मुळ्यांचं शेवाळ दोन बोटांत धरून काढलं आणि म्हणाली, "पारू, ही घाण टाक चुलीत." आईनं ते चुलीत टाकलं नाही, चुलीमागच्या कट्ट्यावर ठेवलं. संध्याकाळी भाकरी खाताना आत्यानं दादांना सांगून टाकलं, "सोनीला नेते मी. चार लोकांत न्यायची पोर जरा बरी दिसाया पायजे. ही तुझी शेवाळी ऱ्हाऊ दे हितं, पारूला मदत व्हईल." दादा म्हणाले, "आक्का, पण शेवंता वाचती चांगली..." "शेवाळाला कशाला रं शाळा?" आत्या म्हणाली, आणि दादांनी पुढचा घास घेतला. माझी शाळा त्या घासाबरोबर गेली. मी रडले नाही. बोल पोटात गेला होता, तो कुठल्या वाटेनं बाहेर काढायचा याचा विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरण वाटायला मला बसवलं. पाट्यावर वरवंटा पुढं मागं, पुढं मागं. त्या तालावर आपोआप शब्द पडायला लागले. पुरण इतकं बारीक वाटलं की काकू, सोनीची आई, म्हणाली, "पोरीचं काय बिनसलंय, पाटा झिजवती का काय!" आमच्याकडं गौरजेवणाच्या दिवशी दुपारी बायकांचा फेर असतो. फेरात कुणीही कुणावर कडवं रचायचं. सून सासूवर रचते, जाऊ जावेवर. आणि ज्याच्यावर रचलं त्यानं हसून टाळी द्यायची. फेरात रागवायचं नाही, गौर रुसते. वर्षभराचं तुंबलेलं तेवढ्या एका दुपारी वाहून जातं. बायकांनी हे कुणाच्या डोक्यातून काढलं देव जाणे, पण ज्या कुणी काढलं तिला माझा दंडवत.

जेवणं झाली. आत्याची मान भरून आली, ती आडवी झाली. आईनं नि मी भांडी घासली. आधण वाजलं, मान उतरली, आत्या चहा पिऊन अंबाड्यातला गजरा चाचपत अंगणात आली. सकाळी माळलेली सोनकी पार लोळागोळा होऊन तिच्या मानेवर लोंबत होती, तिला त्याचा पत्ता नव्हता. फेर सुरू झाला. एकीनं सासूवर म्हटलं, एकीनं गावच्या वाण्यावर म्हटलं. मग मी मध्ये गेले. आई माझ्याकडं बघत राहिली. तिला बहुतेक माझ्या चालीवरूनच कळलं. मी आवाज लावला.

आत्याबाईची सोनकी गं, पहाटंला न्हाली,
दुपारच्याला मान टाकून आडवी गं झाली!

पहिल्यांदा कुणालाच उमगलं नाही. मग म्हातारी तुळसाकाकू, जिला आमच्या घरातलं सगळं दिसायचं, ती तोंडाला पदर लावून खाली बसली. मग एकेकीला आत्याच्या अंबाड्यातली मान टाकलेली सोनकी दिसली, आणि मग त्यांना आत्याची मान आठवली. हसू असं उठलं की गोठ्यातली म्हैस दचकली. "मान टाकून!" एकजण म्हणाली. "आडवी गं झाली!" दुसरी. फेर थांबला, पुन्हा धरला, पुन्हा तेच कडवं. आत्याचा हात अंबाड्याकडं गेला. तिला रागवायचं होतं, सगळं अंग रागवलं होतं, पण अंगणात गौर होती आणि साऱ्या आळीचे डोळे होते. ती हसली आणि तिनं टाळी दिली. तशी टाळी मी पुन्हा कुणाची ऐकली नाही, जणू स्वतःच्याच गालावर मारत होती.

मी तेवढ्यावर सोडलं नाही. आदल्या दिवशीचं ते शेवाळ चुलीच्या उबेला वाळून तपकिरी झालं होतं, शेणीच्या तुकड्यासारखं. ते मी परकराच्या ओच्यात आणलं होतं. सगळ्यांसमोर पाटावर ठेवलं आणि दुसरं कडवं म्हटलं.

शेवाळाला हसू नका गं, शेवाळ खडकात ऱ्हातं,
ओंजळभर पाणी घाला, मेलेलं बी जितं व्हतं!

आणि ओंजळीनं पाणी घातलं. बायका वाकून बघत होत्या. आधी कडेनं, मग मधे, एकेक पान उलगडत ते हिरवं झालं, बघता बघता. फुगलं, मऊ झालं. कुणी "अगं बाई" म्हणालं, कुणी हात जोडले. मी आत्याकडं बघितलं. आईकडं बघायचं राहूनच गेलं, पण सोनीची आई नंतर सांगायची, तुझी आई तवा दात दिसतील अशी हसली, लग्न होऊन आल्यापासनं पैल्यांदा.

तरी आत्या दुसऱ्या दिवशी सोनीलाच घेऊन गेली. गाण्यानं शाळा मिळत नाही. सोनी फाट्यापर्यंत माझा हात धरून रडत गेली आणि एसटीत खिडकीशी बसल्यावर रडायची थांबली. नवी जागा दिसली की पोरांचं असंच असतं. पुढं सुट्टीत येताना ती जुनी पुस्तकं आणायची. त्यावर, आणि भिंतीवरच्या जाहिरातींवर, आणि सोनीची विनवणी करकरून मी जे शिकले ते शिकले. आज तुमच्यापुढं हे लिहितेय ते तेवढ्याच भांडवलावर. यात आत्याचं काही देणं लागत नाही मी.

मात्र एक झालं. आत्याला वाडीत नाव पडलं, मानटाकी. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण ती फाट्यावर उतरली की वाडीत पोचायच्या आधी पोरं ओरडत यायची, "मानटाकी आली, मानटाकी आली!" दरसाल गौरीला ते कडवं व्हायचं. मी लग्न होऊन याच वाडीत वरच्या आळीला गेले, त्यामुळं म्हणणारी कायम हजर. आणि आत्याला यावंच लागायचं, कारण माहेरची गौर चुकवली तर लोक विचारतील, का? मी दरसाल नेमानं म्हटलं. कुणी म्हणेल, पोरपणीचं एवढं धरून ठेवतात का? ज्याची शाळा हसण्यावारी गेली नाही त्यानं विचारावं असं.

शेवटची ती आली तेव्हा पार वाळली होती. सोनीच घेऊन आली तिला, टेम्पोतून, उशा लावून. दादा, आई कुणीच उरलं नव्हतं. आत्याच्या गळ्याला डॉक्टरनं दिलेला जाड पट्टा होता. मान खरोखरीची गेली होती. ओट्यावर तिला खुर्ची दिली. दुपारचा फेर सुरू व्हायच्या आधी तिनं बोटानं मला जवळ बोलावलं. मी वाकले.

"शेवंते," ती म्हणाली.

त्या उंबऱ्यापासून एकदाही तिनं मला या नावानं हाक मारली नव्हती. मला वाटायचं विसरली असेल. विसरली नव्हती. सगळा वेळ तिला ते पाठ होतं.

"शेवंते, मानंचं कडवं तेवढं आज नगं म्हनू. आता खरंच दुखती गं."

सोनी माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत होतं, जाऊ दे ना. आईही तेच म्हणाली असती. मी आत्याच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, तिला पाणी पाजलं, हनुवटीवर ओघळलेलं पदरानं टिपलं. मग अंगणात गेले, मध्ये उभी राहिले आणि पहिलं कडवं उचललं. नव्या पोरींना ते पाठच होतं, कुणावर रचलंय ते ठाऊक नव्हतं. त्या जोरात म्हणाल्या. फेर फिरत फिरत ओट्यापुढं आला तेव्हा आत्याचे हात मांडीवर तसेच होते.

"हसा आत्या," मी म्हटलं. "फेरात रागवायचं नसतं. गौर रुसती."

आत्यानं दोन्ही तळवे उचलले आणि टाळी दिली. तोंड दुसरीकडं वळवायला तिला फार हवं होतं, पण पट्ट्यामुळं मान फिरत नव्हती.